पडलेला वारा

"पाच सेकंदांत तोफ भरते? बार काय भूत ठासतं?" समुद्री लढायांचा गेम खेळताना श्रीरंगरावांची ही रोजची चिडचिड.

अखेर त्यांनी 'अस्सल इतिहास' हा पर्याय निवडला आणि बायकोला ललकारलं, "हरेल त्यानं भांडी घासायची!"

त्यांनी इंग्रजांचं थोरलं जहाज घेतलं, दोन्ही बाजूंना तोफाच तोफा. वत्सलाताईंनी वल्ह्यांचं छोटं गलबत घेतलं.

तेवढ्यात वारा पडला. शिडं लोंबली, जहाज जागचं हलेना. गलबत मात्र वल्ही मारत त्याच्या पिछाडीला, तोफांच्या माऱ्याबाहेर आलं आणि तोफ डागू लागलं.

"अगं, समोरून ये की!"

"आपले आरमारवाले असेच यायचे. मला बघायला आलात तेव्हा तासभर तुम्हीच नाही का सांगत होतात?"

संध्याकाळी भांडी घासताना श्रीरंगराव शीळ घालत होते. तेव्हा ती खरंच ऐकत होती तर!