सरूबाईचं पंगतीचं गाणं

"माझी ओळ तेवढी काढायला सांगा, गुरुजी," अनंत म्हणाला. "वसंतशेठची राहू द्या. ती तर जनतेची वाणी आहे."

जयवंत गुरुजी सिल्वासाजवळच्या नरोलीत एका चाळीबाहेर सायकल धरून उभे होते. आत सरूबाईच्या लेकीच्या, रोहिणीच्या लग्नाची हळद दळली जात होती आणि जात्याबरोबर गाणी जुळत होती. धुळ्याकडून कारखान्यात कामाला आलेल्या या बायांनी आपली एक रीत सोबत आणली होती. लग्नाची पंगत बसली की एकेकाचं नाव घ्यायचं आणि पानातल्या मिठासारखा चिमूटभर टोमणा वाढायचा. अनंत कारखान्यातल्या युनियनचा पुढारी. त्याच्यावरचं गाणं आधीच चाळभर झालं होतं:

लाल झेंडा खांद्यावरी, फाटकापुढं गर्जतो गं
मागल्या दारानं जाऊन मालकासंगं जेवतो गं

"नवरदेव अजून कारखान्यात कायम झालेला नाही," अनंतनं आवाज उतरवला. "माझ्या शब्दावर आहे ते. तुमचं ऐकते ती बाई."

पुढं देवळापाशी वसंतशेठनं गाठलं. तो मंदिर मंडळाचा अध्यक्ष, आणि या चाळीचा मालकही. त्याच्याही कानावर त्याचं गाणं गेलं होतं:

कपाळाला टिळा मोठा, धर्माची गातो गाणी गं
त्याच्या भाड्याच्या चाळीत नळाला नाही पाणी गं

"अनंतचं खुशाल गाऊ द्या," शेठ म्हणाला. "खरं बोलायला बंदी कसली? पण माझ्यावर बोलणं म्हणजे धर्माचा अपमान, गुरुजी. मांडव माझ्याच अंगणात पडायचाय ना?"

गुरुजी मूळचे कोकणातले. सिल्वासाच्या शाळेत आले त्याला बरीच वर्षं झाली होती. रोहिणी त्यांच्याच हाताखाली शिकली. कुणाच्या तोंडाला कुलूप घालू नये, हे वर्गात सांगताना त्यांचा आवाज चढायचा. आज तो चढला नाही. ते चाळीत परतले.

सरूबाईचे हात कोपरापर्यंत पिवळे होते. तिला खरं सांगता आलं असतं. दोघं तुला धमकावतायत, काय करायचं ते तू ठरव, एवढंच. पण मग मध्ये उभं राहावं लागलं असतं.

"सरूबाई, अनंतच्या आणि शेठच्या ओळी गाळा," ते म्हणाले. "चार शिकलेली माणसं येणार पंगतीला. शोभत नाही ते."

"अनंतभाऊ काही बोलला का?"

"छे. मलाच वाटलं."

"म्हंजे तुमाले लाज वाटली आमच्या गाण्याची."

गुरुजींनी नजर जात्याकडे वळवली. तिनं जात्याभोवतीची हळद तळव्यानं गोळा केली.

"बरं. तुम्ही म्हणता म्हंजे गाळल्या."

दमणगंगेचा पूल ओलांडून डोकमर्डीला घरी जाताना गुरुजींना हलकं वाटलं. डावीकडचं एक काढलं, उजवीकडचं एक काढलं. कुणावर अन्याय नाही. लग्न मात्र निभावलं.

लग्नाच्या दिवशी पंगत बसली. पानावर वरण-बट्टी आली आणि बायांनी सूर धरला. नवरदेवाच्या मामाचं पोट निघालं, बँडवाल्याची फुटकी पिपाणी निघाली. ज्याचं नाव येई तो लाजून मान खाली घाली आणि शेजारी त्याच्या पाठीत धपाटा मारी. अनंत आणि वसंतशेठला वगळून गाणं पुढं सरकलं. दोघं निवांत जेवत राहिले.

गुरुजींच्या उजव्या हाताला सुकदेव कंडक्टर होता. त्याचं नाव आलं. तो बायकोला बसमध्ये बसवून तिचंच तिकीट फाडायला विसरतो म्हणे. पंगत खदखदून हसली. आता आपलं. गुरुजींनी घास हातातच ठेवला. चेहरा आधीच हसरा केला.

नाव आलं ते डावीकडच्या बारकू शिंप्याचं.

हसणं ओसरल्यावर बारकूनं हळूच विचारलं, "गुर्जी, सरूबाईशी काही बिनसलं का तुमचं?"

"नाही. का?"

बारकू बट्टी कुस्करत राहिला.

हात धुवायच्या निमित्तानं गुरुजी मांडवामागं गेले. सरूबाई पिंपापाशी तांब्या घेऊन उभी होती.

"माझ्यावर काही केलंच नव्हतं का?" त्यांनी हसून विचारलं. हसू नीट जमलं नाही.

"केलं होतं ना. सगळ्यांच्या आधी तुमचंच केलं. बाया हसून लोळल्या."

"मग आता म्हणा. मला राग नाही येणार."

सगळं खरं त्यांच्या ओठांवर आलं. पण पलीकडे खांबाशी अनंत आणि वसंतशेठ एकाच तबकातून विडे उचलत होते, एकमेकांना टाळी देत होते. गुरुजींनी ओठ मिटले.

सरूबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. त्यांच्यासमोर इतक्या वर्षांत तिनं तो कधी ओढला नव्हता. मग वाकून, अदबीनं, तिनं त्यांच्या हातावर पाणी घातलं.

"नाही गुर्जी," ती म्हणाली. "ते आपल्या माणसावर केलं होतं."