स्वतःच्या आवाजात

काचेपलीकडून दिग्दर्शकाने पुन्हा नकारार्थी मान हलवली. "हा तुमच्या त्या खलनायकाचा आवाज झाला. मघाशी म्हाताऱ्याचा झाला होता. मला तुमचा स्वतःचा हवाय."

डबिंग कलाकाराने कानांवरचे हेडफोन काढले. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या तोंडी आवाज घातला होता. हल्ली त्यात जीव रमेना, म्हणून निवेदकाचं हे काम त्यानेच मागून घेतलं होतं. आता स्वतःचा म्हणून जो आवाज काढावा, तो कुणाचा तरी निघत होता.

बाहेर येऊन त्याने आईला फोन लावला. रडूच फुटलं.

"आ... आ... आई."

शाळेत सगळे ज्याला हसायचे, तेच हे अडखळणं. आवाज बदलून बोललं की ते थांबायचं, म्हणून तर तो नकला शिकला होता.



"तू होय रे? किती वर्षांनी केलास फोन. रोज तुझ्या नावाने तो दुसराच कुणी करतो. छान बोलतो, पण मला बाई परकं वाटतं."

तो आत गेला, माइकसमोर उभा राहिला आणि पहिल्याच शब्दाला मनसोक्त अडखळला.