शनिवारचे परदेशी पाहुणे

आर्सेनियोला मागच्या अंगणात उभं करून नेरेइदाने त्याच्या मानेवर अत्तर शिंपडलं. त्याच्या अंगाला मासळीच्या जाळ्यांचा वास यायचा आणि इटलीहून आलेल्या माणसाला तो शोभला नसता.

"बोलायचं कमी," ती दबक्या आवाजात म्हणाली. "आणि रम आली की पहिली धार जमिनीवर ओतायची नाही. परदेशी माणसं पितरांना पाजत बसत नाहीत."

"माझा बाप काय म्हणेल?"

"तुझा बाप एक दिवस तहानलेला राहील."

आर्सेनियोची बायको ओनेलिया हसली नाही. स्वयंपाकघराच्या दारातून लसणाचा वास येत होता आणि तिचं सगळं लक्ष तिकडे होतं.

गिबारा या बंदराच्या गावात दोमितिला आत्याची खानावळ एकेकाळी नावाजलेली होती. बैठकीच्या खोलीतच टेबलं मांडलेली आणि समुद्रावरून आलेले परदेशी पाहुणे थेट तिच्याकडे. मग आत्याचे डोळे गेले. उजेड आणि सावली एवढंच उरलं. पाठोपाठ पाहुणेही यायचे थांबले. चूल बंद पडली, तशी आत्या डोलखुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसली ती बसलीच. खाणं सुटलं, बोलणं सुटलं. डॉक्टर म्हणाले, आजार काहीच नाही. ते ऐकून तर नेरेइदा जास्तच घाबरली. आईमागे आत्यानेच तिला वाढवलं होतं.

एका सकाळी ती धडधडीत खोटं बोलली. "आत्या, दोन इटालियन विचारत आलेत, जेवायला मिळेल का म्हणून."

आत्या उठली आणि तिने ॲप्रन मागितला.

तेव्हापासून दर शनिवारी दुपारी गल्लीतलं कोणी ना कोणी परदेशी व्हायचं. घेवडा आणि तेल समुद्रापलीकडच्या टँपाहून नेरेइदाचा भाऊ पाठवायचा, कोंबड्या अंगणातल्या होत्या. पैशाचं मी बघते, असं नेरेइदाने आत्याला सांगून टाकलं होतं. शेजारी बिचारे आत्यासाठी हे नाटक करतात, याचं तिला फार ओझं वाटायचं. आणि भीती एकच. आत्याला कळलं तर ती पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसेल आणि या वेळी उठणार नाही.

स्वयंपाकघरात आत्या बोटांनी चाचपून युकाचे कंद सोलत होती.

"दोन कोंबड्या घातल्यास?" नेरेइदा म्हणाली. "दोन माणसांना?"

"लांबून येतात गं. भूक लागते त्यांना."

नेरेइदाने पुढचे शब्द गिळले. अंगणात आता मोजक्याच कोंबड्या फिरत होत्या.

"कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाई कशा आहेत?" आत्याने विचारलं.

"अडेल्फाबाई? परवा सूप घेऊन गेले होते. दारातूनच परत पाठवलं. माझं जेवण झालंय म्हणाल्या."

"घरात काही शिजल्याचा वास होता का?"

नेरेइदाला आठवेना. मग आठवलं. "नव्हता."

आत्याने भाताच्या भांड्यावर झाकण ठेवलं.

वाढायला ती स्वतःच आली, एक हात भिंतीवर ठेवून. आधी रम दिली. आर्सेनियोने ग्लास उचलला आणि जन्मभराची सवय ती, पहिली धार सरळ जमिनीवर सोडली. फरशीवर टपटप आवाज झाला. ओनेलियाने डोळे मिटले. नेरेइदाला वाटलं, संपलं सगळं.

आत्या जागच्या जागी थांबली.

"नेरे, ग्लास फार भरतेस तू," ती म्हणाली. "साहेबांच्या हातून सांडली बघ."

मग कोंबडी आली, आंबट संत्र्याचा रस आणि लसूण घातलेली युका आली, घेवड्याचा भात आला. परदेशी माणसं ताटात थोडं टाकतात, तसं टाकायचं, हे नेरेइदाने दोघांना बजावलं होतं. दोघांनी ताटं पुसून काढली. आर्सेनियो मधूनमधून ऐकीव इटालियनमध्ये "बोनो, बोनो" म्हणत राहिला. ओनेलियाने एक तंगडी हळूच कागदात गुंडाळून पिशवीत टाकली. घरी तिची सासू होती. नेरेइदाने नजर फिरवली. आर्सेनियोची होडी डिझेलविना कधीपासून किनाऱ्यावर पडून आहे, ते तिला ठाऊक होतं.

आत्या भांड्याच्या तळाची खरवड काढू लागली.

"जळकं कशाला देतेस?" नेरेइदा कुजबुजली. "परदेशी लोक बाजूला सारतात ते."

"देऊन तर बघू."

खरवडही राहिली नाही. कॉफी आली ती आधीच साखर घोटून, गल्लीत सगळे पितात तशी पाकासारखी गोड. पाहुण्यांना साखर वेगळी द्यायची, हा आत्याचाच नियम होता. म्हातारी विसरायला लागली, असं नेरेइदाला वाटलं.

जाताना आर्सेनियोने परदेशी माणसासारखा हात पुढे केला. आत्याने तो आपल्या दोन्ही हातांत घेतला, तळव्यावरच्या घट्ट्यांवरून अंगठा फिरवला आणि सावकाश सोडला.

"पुन्हा या," ती म्हणाली. "घरच्यांनाही घेऊन या."

दार लागलं. नेरेइदाने सुटकेचा श्वास टाकला आणि ताटं गोळा करायला घेतली. धुण्यासारखं त्यांत फारसं काही नव्हतं.

"खूश होऊन गेले, आत्या. पुढच्या शनिवारी पण कोणीतरी येतीलच."

आत्याने ॲप्रनची गाठ सोडली, त्याची नीट घडी केली आणि ती नेरेइदाच्या हातात दिली.

"पुढच्या शनिवारी अडेल्फाबाईंना परदेशी कर," ती म्हणाली. "नुसतं जेवायला बोलावलं तर त्या यायच्या नाहीत."