कुदळीचा मान

सेनगाव रोडवरच्या आमच्या कॉलनीत बागेच्या नियमांची भली मोठी पाटी फाटकापाशीच लावलेली आहे. 'हिरवळीवर चप्पल घालून चालू नये' हा त्यातला तिसरा नियम. तो आमच्यापैकी कुणीच पाळत नाही. पाळतो फक्त संतराम माळी. कोपऱ्यातल्या हिरवळीपाशी आला की तो चपला काढून बाजूला ठेवतो आणि मगच गवत कापायला बसतो, भर उन्हाळ्यातसुद्धा.

यंदा सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर सोसायटीचे अध्यक्ष वैजनाथरावांनी त्याला शाल-नारळ दिला. "नियम कसा पाळावा हे ह्याच्याकडून शिका," असं आम्हाला सुनावलं. मग त्याच कोपऱ्यात कारंजं बांधायचं जाहीर केलं आणि पहिली कुदळ मारायचा मानही संतरामलाच दिला.

संतरामचा चेहरा उतरला. "दुसरीकडं न्हाई का जमणार, साहेब?"

"नकाशा मंजूर झालाय. अन् लाजून काहून राहिला? मान तुझाच आहे."

आम्ही टाळ्या वाजवल्या. संतरामनं चपला काढल्या, कुदळ हातात घेतली आणि खाली वाकून गवतावर हात ठेवला. पूजेचं ताट धरून मी शेजारीच उभा होतो, म्हणून तो काय पुटपुटला ते फक्त मलाच ऐकू आलं.



"माय, तुला हितं माती देली तवा हे रान आपलं व्हतं. आता जराशी सरक, कुदळ लागंल."