≈ ची कळ

"सर, आपण ज्यांना ≈ लावतो, त्यांचं पुढे काय होतं?"

"हिंमत असेल तर विचारून दाखव," असं ओजस्वी आणि शमीमनं मधल्या सुट्टीत डिवचलं होतं. मग काय, शाल्मलीनं उभं राहून विचारलंच!

नववीचा शेवटचा तास रोज चेहरे जुळवण्याचा. पडद्यावर डावीकडे फरार गुन्हेगार, उजवीकडे रस्त्यावरचा कुणीतरी. तोच असेल तर =, नसेल तर ≠, खात्री नसेल तर ≈. ≈ साठी दोन कळा एकदम दाबाव्या लागत, आणि त्यात शाल्मलीची बोटं सगळ्यांत चपळ.

"बघायचंय? बघ," म्हणत धायगुडे सरांनी तिचीच कालची जोडी लावली.

मंडईत हिरव्या टोपीचा माणूस कोथिंबीर निवडत होता. गस्तीच्या यंत्रानं त्याला मागून धरलं, हात पिरगळून कडकन मोडला आणि तोंड फरशीवर आपटलं. एकदा नाही, पाचदा. कोथिंबीर लाल झाली.

"पण मला खात्री नव्हती, सर!"

"यंत्राला तेवढं पुरतं गं. आणि मुद्दाम ≠ लावणाऱ्याचा फोटो डावीकडे जातो, ठाऊक आहे ना? बस खाली."

संध्याकाळी जेवताना तिनं ताट बाजूला सारलं.

"आई, बाबा, उद्यापासून मी एकूण एक चेहऱ्याला ≠ लावणार आहे. रडू नकोस गं आई! माझा फोटो डावीकडे आला, तर ओजस्वी आणि शमीमसुद्धा ≠ च दाबतील. हिंमत असेल तर दाबून दाखवा, असं सांगूनच आलेय मी त्यांना."