कॅप्टन पास झाला

निकालपत्रावरचं ‘प्रथम श्रेणी’ वाचून प्राचार्यांनी कपाळावर हात मारला.

“इंगवले, आपला बास्केटबॉलचा कॅप्टन पास झालाच कसा?”

क्रीडाशिक्षक इंगवल्यांना घाम फुटला. सहा वर्षं कॅप्टनला गुपचूप पैशांची पाकिटं देऊन त्यांनी हा हिरा कॉलेजात नापास ठेवला होता. सराव बुडू नये म्हणून त्याच्या जागी पेपराला दरवर्षी तोतया बसे. यंदाच्या नव्या तोतयाला नापास व्हायचंय, एवढंच सांगायचं राहून गेलं.

“पास झालेला विद्यार्थी राहत नाही, आणि आठवड्यावर स्पर्धा आलीय! एम.ए.ला घाला त्याला, आत्ताच्या आत्ता!”

इंगवल्यांनी धावतपळत प्रवेशअर्ज कॅप्टनपुढे ठेवला. कॅप्टनने आधी निकालपत्र दोनदा वाचलं, मग पेनाला टोपण लावलं.

“करतो की सही, सर. पण पाकीट आता जाड लागेल. पदवीधर माणूस आहे मी.”