सत्ताविसाव्या पानावरचं शहर

आईने पुस्तिकेचं सत्ताविसावं पान उघडून धाकट्याच्या पुढ्यात ठेवलं.

“इथे जायचंय,” ती म्हणाली.

धाकट्याने पान बघितलं. वर निळंशार तळं, खाली मजकूर : ‘समोर पाणी, तिन्ही बाजूंना जंगल. सकाळी सहाला थेट बस.’ मजकूर त्याचाच होता. तो एका प्रवासी कंपनीत माहितीपुस्तिका लिहायचा.

“इथे कशाला? डास असतात.”

“असू देत.”

एवढं बोलून आई खिडकीपाशी जाऊन बसली. बाबा गेल्यापासून सात महिने ती तिथेच बसत होती. पुढ्यात ताट ठेवलं तर जेवायची, दिवा घालवला की झोपायची. काही विचारलं तर ‘हो’ म्हणायची. नाही विचारलं तरी मधूनच ‘हो’ म्हणायची. धाकटा दोन गल्ल्या पलीकडे राहायचा, रोज दोनदा येऊन हे ‘हो’ ऐकून जायचा.

स्वयंपाकघरात जाऊन त्याने ताईला फोन लावला.

“आईला फिरायला जायचंय.”

पलीकडे ताईने नाक ओढलं. “सात महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं रे तिने. कुठे जायचंय?”

“तीच तर गंमत आहे. ते शहर नाहीये.”

“म्हणजे? बुडालं?”

“बुडायला आधी असावं लागतं.”

तीन वर्षांपूर्वी, पुस्तिका छापायला जायच्या दिवशीच एका हॉटेलवाल्याने जाहिरात मागे घेतली. एक पान कोरं राहिलं. छापखान्याचा माणूस दारात पाय आपटत उभा. साहेब म्हणाले, काहीतरी टाक. धाकट्याने एक शहर टाकलं. शाळेतल्या गणिताच्या सरांचं आडनाव उलटं लिहून नाव केलं, चार ठिकाणचे फोटो एकमेकांना जोडले. चूक आजवर कुणाच्या लक्षात आली नव्हती. सत्ताविसाव्या पानापर्यंत कुणी पोचतच नसे, साहेबसुद्धा.

“खरं सांगून टाकतो तिला,” धाकटा म्हणाला.

“तोंड उघडून तर बघ! बाबा गेले हे तूच सांगितलंस तिला. आता शहरही गेलं म्हणून सांगणार?”



मग दोघांनी शोधाशोध करून एक खरं शहर काढलं. चार तासांवर. तळं होतं, झाडं होती, एका अंगाला सिमेंटचा कारखाना होता. ‘तिला कारखान्याकडे पाठ करून बसवू,’ असं ताईने ठरवलं. धाकट्याने तिथल्या हॉटेलवाल्याला फोन करून, तीन दिवस गावाच्या नावाची पाटी झाकाल का, असं विचारलं. तो म्हणाला, “झाकायची काय, पडलीय ती.”

दर रविवारी तिघं बेत आखायला बसू लागले. आई कागद-पेन घेऊन बसे.

“तळ्यावरचा धक्का किती लांब आहे, हॉटेलपासून?”

“पाचशे पावलं,” धाकटा म्हणे.

“संध्याकाळी बसायला बाक?”

“आहेत. हिरवे.”

“पाण्याकडची खोली घे. दोघांची.”

“मी आहेच ना गं सोबत,” ताई म्हणाली.

“हो,” आई म्हणाली आणि लिहून घेतलं.

धाकट्याला आता ते शहर स्वतःच्या गल्लीपेक्षा जास्त पाठ झालं होतं. आई दुसऱ्यांदा वाढून घेऊ लागली. एकदा तर तिने ताईला, “किती गं वाळलीस, दोरीवर टाकलं तर उडून जाशील,” असं म्हटलं. ताई न्हाणीघरात जाऊन रडून आली.

निघायच्या आदल्या दिवशी धाकटा म्हणाला, “आई, सहाची बस बंद झालीय. आपण नवाची पकडू.”

“हो.”

सकाळी आठला दोघं घरी पोचले तर दाराला कुलूप. शेजारच्या काकू डोकावल्या.

“आई गेल्या की! साडेपाचला. म्हटलं, एकट्याच? तर म्हणाल्या, मुलं दमलीत, झोपू देत.”

दोघं धावत बसस्थानकावर गेले. चौकशीच्या खिडकीतल्या माणसाने गावाचं नाव दोनदा विचारलं, मग यादीवरून बोट फिरवलं.

“असं गावच नाही. आणि सहाला इथून काहीच सुटत नाही. पहिली गाडी साडेसातला.”

आईचा फोन लागत नव्हता. ताई बाकावर बसली. रडली नाही, ओरडली नाही. “नसलेल्या गावाला पाठवलंस तिला,” एवढंच म्हणाली. धाकटा समोरच्या रिकाम्या फलाटाकडे बघत राहिला. आत कुठेतरी भीती वाटत असणार, असं त्याला वाटलं; पण ती वर येत नव्हती.

दहा वाजता फोन वाजला. आई.

“आई! कुठे आहेस तू?”

“पोचले. छान झाला प्रवास, झोप लागली मस्त.” मागे पाणी आदळल्याचा आवाज येत होता. “धक्का काही पाचशे पावलं नाही हं. सातशे वीस भरली. तेवढं दुरुस्त कर पुस्तकात.”

“आई, नीट ऐक. आहेस तिथेच थांब, हलू नकोस. आम्ही येतोय. शेजारी कुणी आहे का? त्यांना फोन दे, मी पत्ता विचारतो.”

“अरे, देते की,” आई म्हणाली. “अहो, घ्या. धाकटा आहे.”

कुणीतरी घसा खाकरला.

“हं, बोल रे,” बाबा म्हणाले.